मनातलं न ओळखणारा संगणक

शर्वाणी पाच मिनिटं पडद्याकडे बघत मनातल्या मनात बोलत होती, पण संगणक ढिम्म. बेकरीच्या पदवीचं हे शेवटचं प्रात्यक्षिक: संगणकावर एक कृती लिहून सेव्ह करायची. नापास झाली तर पदवी हुकणार होती.

"मॅडम, हा रुसलाय. मनातलं ऐकतच नाही."

"जुना आहे गं तो. बोटांनी लिहिशील तेवढंच करतो," तांबोळी मॅडम हसल्या.

एकेक कळ शोधत शर्वाणीने नानकटाईची कृती लिहिली, वेलदोडे दुप्पट घातले. फाइल सेव्ह करून बंद केली आणि पुन्हा उघडली. वेलदोडे दुप्पटच होते! घरचा संगणक मनातलं ऐकायचा, पण दर वेळी स्वतःच्या शहाणपणाने ते निम्मे करून टाकायचा.

"पास! ऊठ आता."

शर्वाणी उठेचना. "मॅडम, इतका कमी शहाणा संगणक विकत कुठे मिळतो हो?"