पाण्याचा कॉक

तपासणीचे साहेब येणार म्हणून भुसावळजवळच्या कोळसा डेपोत सकाळपासून पाण्याचे फवारे सुरू होते. एरवी ते वर्षभर कोरडे असत, आणि भडगावचा पुना तोंडाला साडीचं फडकं बांधून क्रशरवर धूळ खात राही. तिथेच राबलेला त्याचा थोरला भाऊ फुप्फुसं निकामी होऊन गेला, तेव्हा डेपोच्या डॉक्टरने कागदावर ‘विडीचं व्यसन’ लिहिलं. भावाने जन्मात विडीला हात लावला नव्हता. क्रशरपाशी येऊन साहेब म्हणाले, “इथे धूळच नाही.” पुनाच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने सरळ जाऊन पाण्याचा कॉक बंद केला. पट्ट्यावरून कोरडा कोळसा येताच काळा लोट उठला आणि साहेबांना खोकल्याची उबळ आली. “साहेब, आठे रोज असंच शे,” पुना म्हणाला. “कॉक सोडा रे कोणीतरी,” मुकादम ओरडत राहिला. चाळीस कामगारांतला एकही जागचा हलला नाही.