कड्यावरचा दिक्तामो

"दोर धरलायस ना?" कड्याच्या काठाखालून सिफिसनं विचारलं.

"धरलाय रे. दरवर्षी काय तेच तेच," वरून त्याची बायको रोदांथी म्हणाली. तिच्या आवाजात दमणूक होती.

मग तो खाली उतरला. क्रीटच्या या उभ्या कड्याच्या कपारींत दिक्तामो उगवतो. वीतभर रोपटं, लोकरीसारखी पानं, गुलाबी फुलं. थंडीत त्याचा चहा घरोघरी लागतो. खालच्या गावात आता तो वाफ्यात लावतात, पण सिफिसच्या लेखी ते गवत. दिक्तामो कड्यावरचा हवा आणि दोर रोदांथीच्या हातातच हवा. दोर झाडाला का बांधत नाही, असं कोणी विचारलं, तर झाडाला माझी काळजी असते का, असं तो ऐकवायचा. म्हातारा महाहट्टी.

मुळं कपारीतच ठेवून तो फुलांचे शेंडे खुडत राहिला. कड्याच्या पोटातल्या अरुंद पायरीवरून सरकता सरकता दोर पुरेना, तेव्हा त्यानं तो कमरेचा सोडला. पायरीच्या टोकाला बकऱ्यांनी यंदा नवी वाट पाडली होती. कुठे निघते बघावं म्हणून तो धापा टाकत चढला आणि थेट रोदांथीच्या मागेच निघाला.

दोर सुरूच्या बुंध्याला बांधलेला होता. बुंध्याला टेकून ती झोपली होती. सुजलेली, वाकडी झालेली बोटं मांडीवर होती.

सिफिसचं डोकंच फिरलं. तो हाक मारणार, तोच सालीवर दोरानं घासून पडलेला चरा त्याला दिसला. खोल, जुना, कित्येक वर्षांचा चरा. आता दोर धरवत नाही असं तिनं म्हटलं असतं, तर तो एकटाच उतरला असता. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि एकाएकी फार थकल्यासारखंही वाटलं.

तो आल्या वाटेनं गुपचूप खाली गेला. दोर कमरेला बांधून त्यानं दोन हिसके दिले. बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "ये."

आता दोर झाडाला आहे की तिच्या हातात, कोण जाणे. त्यानं दोरावर जरासुद्धा भार टाकला नाही. कपारींत बोटं रुतवत, गुडघे सोलून घेत तो वर आला. रोदांथी पाय रोवून उभी होती. दोर तिच्या दोन्ही हातांत होता, झाड मोकळं होतं.

त्यानं फुलांची पिशवी तिच्यापुढे ठेवली.

"गुडघे गेले गं माझे. पुढच्या वर्षी वाफ्यातलाच आणू."

रोदांथीनं दोर सोडला. बोटं उलगडायला तिला वेळ लागला.

"तुझी मर्जी, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "मी तर अजून धरला असता."