सत्तावीस नंबरचा ठिपका

"रेषेबाहेरचा ठिपका पुसायचा नाही. तो ठिपका नसतो जयवंती, माणूस असतो. त्याच्या घरी जायचं, दार वाजवायचं, सांगायचं." निवृत्तीच्या आठवड्यात ॲन्सेल्म सरांनी तिच्याकडून तसं वचनच घेतलं होतं.

आणि तिने तो पुसला.

दोघं काम करायची त्या माणिकपूरच्या लॅबमध्ये तेव्हा नवं मशीन आलं होतं. चाळीस जणांचं रक्त जुन्या आणि नव्या, दोन्ही मशीनवर तपासायचं. आकडे जुळतात का ते सॉफ्टवेअर सांगणार. नमुने कमी पडले तेव्हा लॅबमधल्यांनीच बाह्या वर केल्या. सगळ्यांचं रक्त सरांनी काढलं. नळ्यांवर नुसते नंबर. नावांची यादी सरांच्या वहीत.

पडद्यावर एकोणचाळीस ठिपके रेषेवर शहाण्यासारखे बसले. सत्तावीस नंबर तेवढा लांब, लाल. जुनं मशीन म्हणे किडन्या ठणठणीत, नवं म्हणे निम्म्या गेल्या. कुणाकुणाच्या रक्तात जुन्या मशीनचं रसायन फसतं, हे सरांनीच शिकवलेलं. पण सर तोवर अंथरुणाला खिळले होते, आणि लॅबचे मालक सुधाकर डॉक्टर यांना सोमवारी मशीन सुरू करायचं होतं. एका ठिपक्यासाठी ठरलेलं लग्न मोडायचं का, म्हणाले. तुझ्या देवीला विचार आणि दाब बटण. तिने 'वगळा' दाबलं. लाल ठिपका गेला. सॉफ्टवेअरने हिरवी खूण दिली.

पंधरवड्यात सर गेले. वही त्यांच्या घरी; यादी मागायची तर पुसल्याचं सांगावं लागणार. तिची जीभ रेटेना. त्याऐवजी तिने व्रत धरलं. त्या अनोळखी जिवासाठी रोज अळणी जेवण, रोज अनवाणी गावदेवीपर्यंत. वर्ष झालं. अन्नावरची वासना उडाली, दोन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. देवी ऐकत नाही, पाप मोठं आहे, एवढंच तिला कळे. कुठेतरी कुणीतरी, काही न कळता, संपत चाललं होतं.

शेवटी आज ती पापडीला गेली आणि सरांच्या बायकोला, हिल्डा आंटींना, सगळं सांगून बसली.  आंटींनी उठून कपाटातली वही काढून दिली. देताना त्यांची नजर खाली गेली.

"पाय किती सुजलेत बाय तुझे."

"अनवाणी चालून."

तिने पान उलटलं. सत्तावीसपुढे सरांचं तिरपं अक्षर. बोट ठेवून तिने ते दोनदा वाचलं, वही मिटली, कपाळाला लावली.

"सापडलं? लांब आहे का घर?"

"नाही. माणिकपूरलाच."

ऊन फार आहे म्हणून आंटींनी आपल्या चपला पुढे केल्या. तिने नुसती मान हलवली, पदर खोचला, आणि स्वतःच्याच घराचं दार वाजवायला निघाली.