सैल झगा

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी सहा किलो वजन उतरलेच पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हापासून ती रोज सकाळी काठी टेकत बागेला दोन फेऱ्या मारू लागली आणि मोजूनमापून जेवू लागली. घरात वजनकाटा नव्हता. निळा झगा कमरेवर हळूहळू सैल होत होता, तेवढ्या पुराव्यावर तिची जिद्द तगून होती.

"वाऱ्याने उडशील हं आता!" तिचा शिंपी नवरा शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणे, आणि त्या कौतुकाच्या भरात तिच्या ताटात चार घास जास्तीचे पडत.

तीन महिन्यांनी दवाखान्यातल्या काट्याने दोन किलोंची वाढ दाखवली, शस्त्रक्रिया लांबली. घरी येऊन तिने झगा उलटा केला. कमरेच्या शिवणीलगत, उसवलेल्या टाक्यांच्या छिद्रांच्या तीन ओळी होत्या.

"अहो, हे काय?"

"तू हिरमुसू नयेस म्हणून गं," तो खाली बघत पुटपुटला. "वजन काय, उतरेल की आज ना उद्या!"

"हिरमुसले असते, तर एक फेरी वाढवली असती मी."



दुसऱ्या दिवशी बागेतून परतताना ती नवऱ्याच्या दुकानासमोरच्या दुसऱ्या शिंप्याकडे शिरली आणि म्हणाली, "मास्तर, कमरेचं माप घ्या, आणि आकडा असा सांगा, की समोर ऐकू जाईल."