पाकिटावरचा फोटो

दोरा सातव्यांदा सुईच्या शेजारून निघून गेला, ओळख न दाखवणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. शिंप्याने बोटांकडे पाहिलं. दहाही जागेवर होती, फक्त काही कळवेनाशी झाली होती.

“गोळीने बोटं बधिर होतील, हे डॉक्टर आधीच बोलले होते,” बायको म्हणाली. “आता मात्राही अर्धी केलीय.”

“बोटं गेल्यावर शिंप्याचं उरतं काय? टेप?”

“नवरा उरतो माझा! रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. हाडातला कॅन्सर एवढा उतरलाय.”

“आजपासून गोळी बंद. विषय संपला.”

गोळ्यांचं पाकीट दुकानातच, खडूच्या डब्यात असे. घरात सून गरोदर होती आणि गरोदर बाईने त्या गोळीला हातही लावायचा नव्हता. दर महिन्याला गोळी घेताना त्र्याहत्तर वर्षांचा शिंपी दवाखान्यात लिहून देई की, आपल्याला मूल होणार नाही याची दक्षता घेईन. सही इतक्या रुबाबात करी की बायको तेवढ्यापुरती बाहेर जाऊन उभी राही.

तेवढ्यात मास्तर आले. निवृत्त, भूगोलाचे. त्यांचे दोन्ही हात खांद्यापाशीच संपत आणि तिथेच तीन-तीन बोटांचे पंजे होते. चाळीस वर्षं त्यांचे शर्ट इथेच, जेमतेम चार बोटांच्या बाहीचे.

“शिंपीबुवा, नवा शर्ट. करा खुणा,” म्हणत मास्तरांनी वाकून स्वतःच खडूचा डबा उघडला.

शिंपी उठेपर्यंत उशीर झाला होता. पाकिटावर इशारा म्हणून एका बाळाचा फोटो छापला होता. खांद्यापाशी संपलेले हात.

मास्तरांनी पाकीट काढून मशीनवर ठेवलं आणि न्याहाळलं.

“फोटो बरा आलाय. कान तेवढे माझे नाहीत.”

“मास्तर, मी सांगणार होतो...”

“मी पोटात असताना आईला झोप येत नव्हती, म्हणून दिलेली हीच गोळी. चार घेतल्या. मी झालो, त्यानंतर जन्मभर झोपली नाही.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्यात काय करते ही?”

“अंगातल्या पहारेकऱ्यांना उठवते म्हणे. आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. वाढूच देत नाही तिला.”

“वाढू देत नाही,” मास्तर हळूच म्हणाले. देवळात बोलावं तसं. “म्हणजे काम तेच. साठ वर्षांनी पत्ता बरोबर सापडला बघा.”

“मी बंद करतोय,” शिंपी म्हणाला. “बोटं गेली माझी.”

“कशापुरती गेली?”

“म्हणजे?”

“बोटांशिवाय अडतं कुठे, ते विचारतोय. मला अनुभव आहे.”

शिंप्याने सुई आणि दोरा पुढे केला. मास्तरांनी मान खाली घातली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, खांद्याच्या पंजात सुई गालापाशी धरली. पहिल्याच झटक्यात दोरा आरपार गेला.

“रोज सकाळी येत जाईन,” ते म्हणाले. “बाही मात्र तुम्हीच लावायची. आणि या खेपेला जरा लांब ठेवा, तेवढेच टाके जास्त.”

शिंप्याने सुई घेतली. मग पाकीट डब्यात परत ठेवलं, फोटो वर येईल असं.