गुलाबाचा वास

चार दिवसांचं करडू हगवणीने पार गळून गेलं होतं. धाकटी त्याला मांडीवर घेऊन मीठ-साखरेचं पाणी पाजायची आणि हातानेच त्याचं बूड पुसायची. थोरली जाऊ नाकाला रुमाल लावून गोठ्याच्या दारातूनच म्हणायची, "शी. या हातांनी तुला घास तरी कसा जातो गं?"

आज सकाळी करडू उठून आईला लुचलं, तेव्हा कुठे धाकटीच्या जिवात जीव आला आणि ती चारा आणायला गेली.

परतली, तर गोठ्यात गुलाबाच्या साबणाचा भपका. धाकटीने चाऱ्याचा भारा दारातच टाकला.

"कोमट पाण्याने चांगली आंघोळ घातली," थोरली कौतुकाने म्हणाली. "आता कसं, जवळ घ्यावंसं वाटतं."

करडू भुकेलं होतं, ते आईपाशी गेलं. वासावरून पिल्लू ओळखणाऱ्या शेळीने त्याला हुंगलं, तोंड फिरवलं आणि लाथ मारली. ते पुन्हा गेलं, तिने पुन्हा लाथ मारली.

धाकटीने शेळीच्या पायाखालचं, तिच्या मुतात भिजलेलं गवत ओंजळभर उचललं आणि थोरलीच्या हातात दिलं.



"घाण तुम्ही केलीत, जाऊबाई. आता तुम्हीच याने पुसून काढा."