अनुभवी हात

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी नर्सिंगला नाव घातलं. वर्गातल्या मुली त्यांना 'मावशी' म्हणायच्या आणि शिकवणारी मॅडम त्यांच्या लेकीहून दोन वर्षांनी लहान होती. सहा महिने बाईंनी उशांना आणि संत्र्यांना इंजेक्शनं टोचली. एकाही संत्र्याची तक्रार आली नाही. आज मात्र जिवंत माणसाला टोचायचं होतं, आणि तेही कमरेखाली.

वॉर्डातल्या आजोबांनी विद्यार्थिनींचा घोळका पाहिला आणि ते खेकसले, "या पोरीसोरी नकोत मला. त्या दाराशी उभ्या आहेत ना, पिकल्या केसांच्या, त्यांना पाठवा."

मुली फिसकन हसल्या. मॅडमने ट्रे सरळ बाईंच्या हातात दिला. आजोबा कुशीवर वळले. "आता या वयात?" असं विचारणाऱ्या यच्चयावत नातेवाइकांना बाईंनी मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि सुई टोचली.

"टोचताय ना?" आजोबांनी विचारलं.

"झालंसुद्धा," बाई कापूस दाबत म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. "आजोबा, खोटं कशाला बोलू? माझं हे पहिलंच इंजेक्शन. माझ्या केसांवर जाऊ नका."

"केसांवर कोण गेलंय?" आजोबा पायजमा वर ओढत म्हणाले. "त्या पोरी कशा बिनधास्त उभ्या होत्या. माझ्याइतक्या घाबरलेल्या तुम्ही एकट्याच दिसलात. म्हटलं, ही बाई जपून टोचेल."